स्टेशनच्या कोडमधली अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. सातवीच्या सेमी वर्गासाठी एक शब्दखेळ बसवायचा आहे. आपल्याकडच्या मुलांना रेल्वेचे कोड तोंडपाठ असतात. भुसावळ बीएसएल, जळगाव जेएल, चाळीसगाव सीएसएन, धुळे डीएचआय, नंदुरबार एनडीबी, पाचोरा पीसी, अमळनेर एएन. मनमाड खानदेशात येत नाही, पण रोजच्या येण्याजाण्यातलं आहे, म्हणून एमएमआर पण घेतलं. कोड फळ्यावर लिहायचा आणि ती सगळी अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द मुलांनी सांगायचा, एवढाच खेळ.

अडचण उत्तरांच्या यादीची आहे. डिक्शनरी पहिल्या अक्षराने लावलेली असते. मधे किंवा शेवटी असलेलं अक्षर त्यात शोधायचं कसं? शाळेत नेट धड चालत नाही, एक लॅपटॉप आहे. शिवाय मुलांना नुसत्या डोक्याने शब्द काढायची पद्धतही शिकवायची आहे. जाणकारांनी सांगावं.

शेवभाजी_स्पेशल
बीएसएल म्हणजे पॉसिबल. झालं की!

उलटा_कोश
शेवभाजी, तुमच्या शब्दात तिन्ही अक्षरं आहेत हे खरं, पण क्रमाने एस, बी, एल अशी आहेत. कोडाचा क्रम पाळायचा असेल तर पॉसिबल बाद. म्हणून तापीकाठ, आधी नियम पक्का करा, यादी नंतर. ‘ही अक्षरं असलेला शब्द’ म्हटलं की त्यातून पाच वेगळे खेळ निघतात आणि प्रत्येकाची शोधायची रीत निराळी.

पहिला, अक्षरं कुठेही, कशीही आली तरी चालतील. पॉसिबल, सिम्बॉल, सिलॅबल, पब्लिश हे सगळे त्यात बसतात. दुसरा, कोडाच्याच क्रमाने पण मधे इतर अक्षरं चालतील. त्यात अ‍ॅब्सोल्यूट, ऑब्सोलीट बसतात. तिसरा, सलग, मधे एकही अक्षर नको. चौथा, दिलेल्या अक्षरांशिवाय दुसरं अक्षर वापरायचंच नाही. पाचवा, तीच अक्षरं, तितक्याच वेळा, फक्त जागा बदलून. एल-आय-एस-टी-ई-एन चं एस-आय-एल-ई-एन-टी होतं तसा.

बीएसएल सारख्या कोडाला चौथा आणि पाचवा लागू पडत नाहीत, कारण त्यात स्वरच नाही. सातवीला पहिल्या नियमाने सुरू करा, दुसऱ्या फेरीत क्रम लावा. सलगवाला नियम सगळ्या कोडांना चालणार नाही. जेएल सलग असलेला रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द नाही. बीएसएल, सीएसएन, एमएमआर यांचंही तेच. मुलं अर्धा तास डोकं खाजवत बसतील.

डबा_क्रमांक_एस७
सलग असलेला नियम सरसकट फेकू नका हो. एनडीबी वर तो सोन्यासारखा चालतो. एन-डी-बी ही तीन व्यंजनं एका दमात, एका उच्चारात येऊच शकत नाहीत. म्हणजे मधे कुठेतरी जोड असणार. एनडी वर संपणारा एक शब्द आणि बी ने सुरू होणारा दुसरा, असे दोन चिकटलेले. आता फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे हँड, सँड, विंड, स्टँड, साउंड, लँड, राउंड. उजवीकडे बॅग, बॉल, बॉक्स, बुक, ब्रेक, बाय. मुलांना जोड्या लावू द्या. हँडबॅग, हँडबॉल, हँडबुक, सँडबॅग, सँडबॉक्स, विंडब्रेक, स्टँडबाय. आपल्या केळीच्या बागेभोवती वारा अडवायला जे शेवरीचं कुंपण लावतात तेच विंडब्रेक, हे सांगितलं की शब्द विसरणार नाहीत.

पाचोऱ्याचंही तसंच. पी वर संपणारा आणि सी ने सुरू होणारा. पॉपकॉर्न, टॉपकोट, अपकमिंग.

जोडाची ही खूण एकदा कळली की कुठलाही अवघड गुच्छ फोडता येतो. सी-के-जी दिसलं की बॅक अधिक ग्राउंड. के-एस-टी दिसलं की बुक अधिक स्टोअर.

भरीत_पुरी
+१. रकान्यांची युक्ती मस्त आहे.

मराठी_शाळा_मास्तर
हाताने शोधायची पद्धत मी अशी सुचवेन. कोडातलं सगळ्यात दुर्मिळ अक्षर आधी पकडायचं. जेएल मध्ये एल कडे बघायचंच नाही, जे धरायचा. इंग्रजीत जे च्या जागा ठरलेल्या आहेत. एक तर शब्दाच्या सुरुवातीला, नाही तर उपसर्गानंतर. अ‍ॅड, ऑब, सब, रि, प्रो, इन, कॉन, मिस, अन हे उपसर्ग घ्या. अ‍ॅडजस्ट, ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, रिजेक्ट, प्रोजेक्ट, इंजेक्ट, कंजंक्शन, मिसजज, अनजस्ट. याबाहेर मेजर, बँजो असे मोजके उरतात. शेवटी जे असलेले शब्द बहुतेक बाहेरून आलेले, राज, स्वराज, हज असे.

आता या प्रत्येकाला एल कसा जोडता येईल ते बघायचं. सुरुवातीच्या जे चे जेल, जेली, ज्वेल, जंगल, जर्नल, जॅव्हलिन. उपसर्गवाल्यांना शेवटी एलवाय लावा, ऑब्जेक्टिव्हली, अनजस्टली. झाली यादी, डिक्शनरी न उघडता.

बीएसएल मध्ये दुर्मिळ कोण? बी. पण तिथे दुसरी युक्ती जास्त चालते. बी आणि एस च्या मधे पाचही स्वर एकेक करून घालायचे आणि पुढे एल कुठे बसतो ते बघायचं. ए घातला की बी-ए-एस. त्यातून बेसिल, बेसलाइन आणि आपला बेसॉल्ट. ई घातला की बी-ई-एस, तिथे चटकन काही लागत नाही, पण ई पाठोपाठ ए आणला की बीस्टली. आय ला थेट काही मिळत नाही, आधी आर घातला की ब्रिसल. ओ पाठोपाठ ए घातला की बोस्टफुल. यू घातला की बुशेल, बसल, बिझिली. इथे मुलांना स्पेलिंग तपासायला लावा. बसल मध्ये टी उच्चारात नाही पण लिहिताना आहे, बी-यू-एस-टी-एल-ई. आणि बिझिली ऐकताना झेड वाटतो, लिहिताना एस.

मग बी च्या आधी स्वर. एबी ने अ‍ॅब्सोल्यूट, अ‍ॅबसॉल्व्ह. ओबी ने ऑब्सोलीट. एसयूबी ने सबसॉइल.

डबा_क्रमांक_एस७
बेसॉल्ट झकास आहे मास्तर! अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली तोच. भुसावळच्या कोडाला याहून जवळचा शब्द सापडणार नाही.

केळीचं_घड
एवढं कशाला? फोनवरच्या कुठल्याही एआय ला विचारायचं, ‘बी, एस, एल असलेले पन्नास शब्द दे.’ दोन सेकंदात यादी.

उलटा_कोश
तिथेच फसगत होते, केळीचं घड. हे प्रोग्रॅम शब्द अक्षराअक्षराने वाचत नाहीत, शब्दाचे तुकडे करून वाचतात. पन्नासातले काही शब्द असे निघू शकतात की एखादं अक्षर त्यात नसतंच, आणि उत्तर मात्र ठाम असतं. यादी घ्यायला हरकत नाही, पण फळ्यावर जाण्याआधी प्रत्येक शब्दाची तिन्ही अक्षरं बोट ठेवून तपासा. त्यापेक्षा शब्दांची साधी टेक्स्ट फाईल आणि त्यावर गाळणी, हे बिनचूक काम. गाळणी कंटाळत नाही आणि ठोकूनही देत नाही.

एक्सेल_दादा
लॅपटॉपवर एक्सेल असेल तर मी पायऱ्या सांगतो.

आधी शब्दांची फाईल. एकदाच नेट मिळेल तिथून उतरवून पेन ड्राइव्हवर आणा. एनेबल नावाची यादी सार्वजनिक वापरासाठी मोकळी आहे, तिच्यात सुमारे १,७२,००० शब्द आहेत. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे जागेची चिंता नाही.

फाईल उघडताना कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडा. नाही निवडला तर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द एक्सेल शब्द म्हणून धरत नाही, हो-नाहीची किंमत धरतं, आणि चांदणीच्या (ॲस्टरिस्क, म्हणजे ‘इथे कितीही अक्षरं चालतील’) शोधात ते सापडत नाहीत.

पहिल्या ओळीत मथळा द्या, समजा ‘शब्द’. शेजारच्या कॉलममध्ये लेन फंक्शनने प्रत्येक शब्दाची लांबी काढा आणि ४ ते ९ अक्षरांचेच ठेवा. सातवीला त्यापुढचे नकोत, आणि शीटही हलकी होते.

आता गाळणी. साध्या फिल्टरच्या कस्टम खिडकीत दोनच अटी घालता येतात, तिसऱ्या अक्षराला अडतं. म्हणून डेटा मेनूतला ॲडव्हान्स्ड फिल्टर घ्या. बाजूला रिकाम्या जागी ‘शब्द’ हाच मथळा तीन शेजारशेजारच्या खणांत लिहा. मथळा तंतोतंत तोच हवा, शेवटी एक जादा स्पेस असली तरी गाळणी चालत नाही. त्याखालच्या एकाच ओळीत प्रत्येक खणात चांदणी, अक्षर, चांदणी असं लिहा. पहिल्यात बी, दुसऱ्यात एस, तिसऱ्यात एल. एका ओळीत लिहिलं की तिन्ही अटी लागतात, एकाखाली एक लिहिलं की कुठलीही एक पुरते. हाच घोळ सगळ्यात जास्त होतो.

आणखी एक. चांदण्या विसरून नुसतं बी लिहिलं तर बी ने सुरू होणारे शब्द येतात, बी असलेले नाही.

क्रमाने हवं असेल तर एकच खण पुरतो, चांदणी बी चांदणी एस चांदणी एल चांदणी.

एरंडोल_एक्सप्रेस
दादा, एमएमआर ला हीच रीत वापरली तर ‘फार्मर’ पण येतो. त्यात एम एकच आहे.

एक्सेल_दादा
बरोबर पकडलंत. ‘एम आहे का’ आणि ‘एम आहे का’ असं दोनदा विचारलं तर गाळणी दोन्ही वेळा त्याच एका एम कडे बोट दाखवते. जिथे अक्षर दोनदा आहे तिथे दोन्ही एम एकाच खणात घाला, चांदणी एम चांदणी एम चांदणी. दुसऱ्या खणात आर. मग फार्मर जातो आणि समर, हॅमर, ग्रामर, मेमरी, मर्मर, मशरूम राहतात. क्रम हवा असेल तर मशरूमही जातो, कारण त्याचा दुसरा एम आर च्या नंतर येतो.

अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं असेल तर सब्स्टिट्यूट फंक्शनने ते अक्षर काढून टाका आणि मूळ लांबीतून नवी लांबी वजा करा. पण सब्स्टिट्यूट लहान आणि मोठं अक्षर वेगळं मानतं, तेव्हा सगळी यादी आधी लोअर फंक्शनने लहान लिपीत आणून घ्या.

गूगलवाली_ताई
एक्सेल नसेल तर गूगल शीट्स. तिथे नमुना जुळतो का ते बघणारं रेजेक्समॅच फंक्शन आहे, पण नेटवर सापडणारा ‘पुढे डोकावणारा’ नमुना, कंसात प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह असलेला, तिथे चालत नाही. शीट्सच्या आत आरई२ नावाची यंत्रणा आहे आणि तिला ते डोकावणं येत नाही. त्याऐवजी फिल्टर फंक्शनमध्ये आधी शब्दांची रांग द्या आणि स्वल्पविराम देत तीन वेगळे रेजेक्समॅच लावा. स्वल्पविरामाने जोडलेल्या सगळ्या अटी एकत्रच लागतात. जाण्याआधी फाईल ऑफलाइन करून ठेवा, म्हणजे शाळेत अडणार नाही.

उबंटू_अमळनेर
लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू असेल तर काहीच उतरवायला नको. यूएसआर मधल्या शेअर, त्यातल्या डिक्ट फोल्डरमध्ये वर्ड्स नावाची फाईल असते. टर्मिनलवर ग्रेप या शोधायच्या कमांडने बी गाळा, उभी दांडी, ग्रेपने एस, उभी दांडी, ग्रेपने एल. तीन चाळण्या एकाखाली एक धरल्यासारखं. क्रमाने हवं तर एकच ग्रेप, अक्षरांच्या मधे टिंब आणि चांदणी.

तीन खोड्या सांगून ठेवतो. त्या फाईलमध्ये वरचा स्वल्पविराम आणि एस लावलेली रूपंही आहेत, त्यामुळे एस गाळताना कचरा भरपूर येतो. ग्रेपला उणे व्ही देऊन ती रूपं आधी काढा. दुसरं, ती फाईल सहसा अमेरिकन स्पेलिंगची असते. आपल्या पाठ्यपुस्तकात ब्रिटिश स्पेलिंग. बिहेव्हिअर मध्ये पाचही स्वर आहेत हे ब्रिटिश स्पेलिंगमध्येच खरं, अमेरिकन स्पेलिंगमध्ये यू गळतो. तिसरं, विंडोजवर बनवलेली यादी आणली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह असतं. मग ‘एन ने संपणारे’ असा शोध घेतला की एकही शब्द येत नाही आणि माणूस आपलाच नमुना चुकला समजून बसतो.

भरीत_पुरी
अनेकवचनाचं काय करणार? बीएसएल ला कुणीही बॉल्स, बेल्स, टेबल्स म्हणेल. बी आणि एल असलेल्या कुठल्याही नामाला एस लावला की संपलं.

मराठी_शाळा_मास्तर
नियमच करा, अनेकवचनाचा आणि क्रियापदाचा शेवटचा एस चालणार नाही. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळात हा धोका ओळखूनच एस च्या सोंगट्या चारच ठेवल्या आहेत. शंभर सोंगट्यांत ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, आणि इतकं वापरातलं अक्षर असूनही एस फक्त ४. तो खेळ तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं होतं.

विशेषनामांचंही ठरवा. डीएचआय ला बुद्धिझम अगदी सलग बसतो, डी-एच-आय. पण ते विशेषनाम. मी म्हणेन बाद.

एरंडोल_एक्सप्रेस
मास्तर, मी असहमत. स्क्रॅबलचे नियम स्क्रॅबलला. इथे सलग डीएचआय चा ओळखीचा शब्द आपण बाद का करायचा? मुलांना तो शब्द माहीत आहे, स्पेलिंगमधला डबल डी आणि एच त्यानिमित्ताने पक्का होईल. पहिलं अक्षर मोठं लिहिलं तर अर्धा गुण जास्त द्या, हवं तर.

मराठी_शाळा_मास्तर
मुद्दा पटला. स्पेलिंग पक्कं होणं महत्त्वाचं. फक्त गावांची आणि माणसांची नावं बंद ठेवू, म्हणजे बीएसएल ला कुणी ब्रुसेल्स आणणार नाही.

शेवभाजी_स्पेशल
वर्डलला पण हीच पद्धत लागते का?

उलटा_कोश
थोडी वेगळी. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केलेला तो खेळ पाच अक्षरांचा, सहा प्रयत्नांचा. तिथे अक्षर आहे की नाही याबरोबर जागाही कळते. जागा पक्की असेल तर चांदणीऐवजी प्रश्नचिन्ह वापरायचं, एक प्रश्नचिन्ह म्हणजे बरोबर एक अक्षर. पाच खणांचा नमुना लिहायचा आणि राखाडी झालेली अक्षरं वेगळ्या अटीने काढायची.

दुर्मिळ अक्षराबद्दल मास्तरांच्या बोलण्यात एक भर. वाक्यांतली अक्षरं मोजली तर क्रम ई, टी, ए, ओ, आय, एन असा लागतो. डिक्शनरीतले शब्द मोजले तर ई, ए, आर, आय, ओ, टी. एच वाक्यांत वर असतो कारण द, दॅट, ही हे शब्द सारखे येतात. यादीत ते एकेकदाच, म्हणून एच बराच खाली जातो. धुळ्याच्या कोडात डी पेक्षा एच धरून शोधा, लवकर सापडतं. सीएच, एसएच, टीएच, पीएच, जीएच या जोड्या घ्या. चाइल्ड, शील्ड, थर्ड, डॉल्फिन, डिलाइट. यातला डॉल्फिन कोडाच्या क्रमाने बसतो.

केळीचं_घड
यूपीएससी वाल्यांसाठी आहे का काही?

डबा_क्रमांक_एस७
आहे, आणि सलग! अपस्केल. यू-पी-एस-सी-ए-एल-ई. एमपीएससी सलग नाही, पण क्रमाने सिम्प्लिस्टिक मध्ये आहे. एम, पी, मग दुसरा एस, आणि शेवटचा सी.

बोरी_नदी
बठ्ठं वाची काढं. भारी शे हाऊ खेळ.

भरीत_पुरी
सगळ्यांच्या नजरेतून एक सुटलं. जळगावचा कोड जेएल, आणि शब्द ब्रिंजल! बी-आर-आय-एन-जे-ए-एल. आधी जे, मग एल, क्रमाने. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, हा शब्द यादीत पहिला हवा.

मराठी_शाळा_मास्तर
वा! मी जे च्या जागा सांगताना हा विसरलो. ब्रिंजल भारतीय इंग्रजीतला आहे. ब्रिटनमध्ये ऑबर्जीन, अमेरिकेत एगप्लांट म्हणतात. म्हणून परदेशी यादीत तो नसेल तर हाताने घाला.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. अशी मांडणी करतोय. पहिली फेरी, अक्षरं कुठेही. दुसरी, क्रमाने. तिसरी, सलग, फक्त एनडीबी, पीसी आणि डीएचआय. शेवटचा एस बंद. सीएसएन साठी कसिनो, कझिन, क्रिमझन, चोझन क्रमाने मिळाले, आणि कुठेही चालेल त्या फेरीला सायन्स, इन्सेक्ट, सेकंड. कझिन ऐकताना झेड वाटतो, तेव्हा स्पेलिंग म्हणूनच घेईन. एएन एवढाच अडला आहे. ए आणि एन असलेले शब्द अगणित आहेत.

एक्सेल_दादा
अमळनेरला अट कडक करा. ए ने सुरू आणि एन ने शेवट. गाळणीत चांदणी फक्त मधे. पण ॲडव्हान्स्ड फिल्टर नमुन्यापुढे आणखी अक्षरं आली तरी चालवून घेतो, त्यामुळे खणात बरोबरचं चिन्ह दोनदा लागतं. म्हणजे बरोबर, दुहेरी अवतरण, बरोबर, ए, चांदणी, एन, अवतरण बंद. एवढं केलं की फक्त एन वर संपणारे उरतात. अ‍ॅक्शन, अगेन, एप्रन, ऑटम, आफ्टरनून, अ‍ॅडमिशन. ऑटम उच्चारात एम वर संपतो, लिहिताना एन वर.

तापीकाठ
ऑटमवरून वर्गात वाद होणार हे नक्की. त्याला दुप्पट गुण ठेवतो.